क्रौंच दिसला, पण पाणी किती होते?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातील दुर्मिळ पक्ष्यांच्या बातम्या आणि बंधाऱ्यातील पाणीपातळीची नोंद

महोदय,

दरवर्षी निफाडचा पारा घसरल्याची बातमी पहिल्या पानावर आली, की दोनचार दिवसांत आतल्या पानावर नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी दाखल झाल्याचे वृत्त येते. सोबत क्रौंच (क्रेन), रोहित (फ्लेमिंगो) किंवा पट्टकादंब या हंसाचे सुंदर छायाचित्र असते आणि पुढच्या रविवारी चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याखाली गाड्यांची रांग लागते. या बातम्या मी गेली बावीस वर्षे आवडीने वाचतो व त्यांची कात्रणे जपून ठेवतो. शेजारची शाळकरी मुले अभयारण्याबद्दल विचारायला आली, तर तीच कात्रणे त्यांच्यापुढे ठेवतो. तरीही या सगळ्या कात्रणांत एक गोष्ट मला कधी सापडली नाही. अमुक पक्षी दिसला, तमुक वर्षांनी दिसला, इतक्या संख्येने दिसला, हे सारे त्यांत आहे. पण तो दिसला त्या दिवशी बंधाऱ्यात पाणी किती होते, हे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या पक्ष्याच्या येण्याची अर्धी हकिकत पाण्याच्या त्या पातळीत असते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, दगडी बंधारा बांधला गेला. गंगापूर, दारणा व पालखेड या बाजूंनी येणारे पाणी तेथे अडवून कालव्यांत सोडायचे, एवढाच त्याचा हेतू होता. पक्ष्यांसाठी तो कोणी बांधला नव्हता. पण पुराबरोबर येणारा गाळ वर्षानुवर्षे बंधाऱ्यामागे बसत गेला, त्या गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणगवत व रामबाण (पाणकणीस) उगवले, मध्ये उथळ डबकी राहिली आणि पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखात पाणपक्ष्यांना हवी तशी दलदल तयार झाली. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० च्या जानेवारीत याच परिसरातील पाणथळ भाग रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आल्याचे जाहीर झाले. लोणार आणि ठाण्याची खाडी यांचा समावेश त्यानंतरचा, म्हणजे महाराष्ट्रातला हा पहिला मान आपल्या जिल्ह्याचा. डॉ. सालीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे आपण अभिमानाने सांगतो. त्या तुलनेतला एक भाग मात्र आपण विसरतो. भरतपूरही मुळात माणसाने अडवलेल्या पाण्यावर उभे राहिलेले आहे आणि बंधाऱ्यातून पाणी मिळाले नाही, त्या त्या वर्षी तेथील पक्ष्यांनी पाठ फिरवलेली आहे.

पाणपक्षी पाहणाऱ्याने प्रथम काय शिकावे, असे मला कोणी विचारले तर मी पक्ष्यांची नावे सांगणार नाही. आपल्या भाषेत पाण्याची खोली सांगणारे बोटभर, वीतभर, गुडघाभर, पुरुषभर असे शब्द आहेत, ते मनाशी धरून पाण्याकडे पाहायला मी सांगेन. बोटभर पाणी आणि त्याखालचा मऊ चिखल ही तुतारी, चिखल्या व पाणलावा यांची जागा. ते चिखलातून टिपून खातात, पाय मात्र पोहण्यासाठी केलेले नाहीत, त्यामुळे पाणी चार बोटे वर चढले की त्यांच्यापुढचे ताट उचलल्यासारखे होते. लांब चोचीचा मालगुजा पोटाला पाणी लागेपर्यंत आत शिरतो आणि शेकाट्याचे पाय त्याच्याहून लांब असल्याने तो आणखी पुढे जातो. वीतभर पाण्यात थापट्या, चक्रांग, भिवई बदक, तलवार बदक ही मंडळी असतात. ती बुडी मारत नाहीत. शेपूट वर आणि डोके खाली करून तळाशी पोहोचतात, आणि तळ मानेच्या लांबीपलीकडे गेला की जागा सोडतात. लालसरी बुडी मारणारी आहे, तिला पुरुषभर पाणीही चालते. चित्रबलाक व चमचा हे लांब पायांचे पक्षी गुडघाभर पाण्यात चोच फिरवत चालतात. एकाच मनोऱ्यावरून एकाच सकाळी इतक्या जाती दिसतात याचे कारण हे, की नांदूरमध्यमेश्वरचा तळ सपाट नाही. गाळामुळे तेथे बोटभरापासून पुरुषभरापर्यंत सर्व खोल्या हाकेच्या अंतरात मिळतात. पातळी हातभर वर गेली किंवा खाली आली, तर ही सगळी मांडणी एका रात्रीत सरकते.

माझ्या वहीत यासंबंधीच्या पुष्कळ नोंदी आहेत. मनोऱ्याच्या उजवीकडे, दोन बाभळींच्या समोर, पाण्यातून वर आलेला एक वठलेला बुंधा आहे. पहिल्या दोन हिवाळ्यांतच माझ्या लक्षात आले, की त्या बुंध्याची वरून तिसरी गाठ उघडी असेल तर पलीकडच्या उंचवट्यावर चिखल असतो आणि शेकाटे, तुतारी, कधी मालगुजा तेथे उतरलेले असतात. दुसरी गाठ बुडालेली असेल तर तेथे फक्त वारकरी हे काळे पाणपक्षी आणि पाणकावळे. तेव्हापासून दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी मी बुंधा पाहतो. हा काही शास्त्रीय मापदंड नव्हे, याची मला जाणीव आहे, आणि म्हणूनच तेथे खरी मोजपट्टी असावी व ती सर्वांना वाचता यावी, असे मला वाटते.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला घेतले तो सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी क्रौंचांचे एक कुटुंब दिसल्याचे छायाचित्र, नेमक्या जागेच्या खुणेसह, सगळीकडे पसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोहोचलो तेव्हा मनोऱ्यावर कोणी नव्हते. सगळे जण पाण्याच्या कडेच्या शेतांत शिरलेले होते. चाळीसेक माणसे असतील. काहींच्या खांद्यावर तिपाई, काहींच्या हाती नुसता मोबाईल. दव पडलेल्या हरभऱ्यातून ती अर्धवर्तुळ करून पुढे सरकत होती. मी बांधावर थांबून दुर्बिणीतून पाहिले. दोन प्रौढ पक्षी आणि त्यांच्यामध्ये एक तपकिरी डोक्याचे पिल्लू, म्हणजे त्याचा हा पहिलाच हिवाळा. प्रौढांपैकी एकाने चरणे कधीच थांबवले होते. त्याची मान काठीसारखी ताठ झाली होती आणि तो एका जागी उभा राहून डोके या बाजूकडून त्या बाजूकडे वळवीत होता. दुसरा दोन पावले चालून थांबत होता, पुन्हा दोन पावले टाकून थांबत होता. पिल्लू मात्र अजून खाली वाकून काहीतरी टिपत होते. ज्याला क्रौंच ठाऊक आहे त्याला ती ताठ मान पुरेशी असते. तिचा अर्थ आता एक पाऊलही पुढे टाकू नये, असा आहे. पावले पुढे पडलीच. तिघेही धावत जाऊन उडाले, त्यांचा तो कर्ण्यासारखा आवाज धुक्यातून बराच वेळ येत राहिला, आणि ते कादवेच्या बाजूला दिसेनासे झाले. त्यानंतरच्या तीन रविवारी मी गेलो; ते कुटुंब मला पुन्हा दिसले नाही.

ज्यांच्या शेतातून ही माणसे गेली त्या मावशी थोड्या वेळाने आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तुडवलेल्या ओळींतले घाटे हातात घेऊन त्या मला म्हणाल्या, “दादा, ही पाखरं बी आमचा हरभरा खात्यात, पण ती वरून उतरत्यात अन् वरूनच जात्यात. असं आडवं तुडवून कोणी जात नाही.” मी त्या घोळक्यातला नव्हतो, तरीही माझ्या गळ्यात दुर्बीण होती, आणि मला त्यांच्याकडे मान वर करून पाहता आले नाही.

त्या दिवशी आलेल्यांपैकी कोणी वाईट हेतूने आले होते, असे मी म्हणत नाही. अनेकांनी मला नंतर आदबीने विचारले, की आता कुठे दिसतील. मुद्दा असा, की त्यांना जागा कळली होती, पण पक्षी कळला नव्हता. क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात; भोवती पाणी असले की कोल्हा किंवा कुत्रे जवळ येताना चाहूल लागते, म्हणून. उजाडल्यावर ते शेतांकडे चरायला जातात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच उथळ पाण्यात परततात. म्हणजे त्यांना दोन गोष्टी एकमेकींजवळ हव्या असतात: रात्रीसाठी घोट्याएवढे निर्धास्त पाणी आणि दिवसासाठी शांत शेत. ज्याला हे ठाऊक आहे तो शेतात शिरत नाही. तो सूर्य मावळण्याच्या तासभर आधी मनोऱ्यावर जाऊन बसतो, आणि क्रौंच ओळीने, एकमेकांना साद घालत, त्याच्या डोक्यावरून पाण्याकडे येतात. मला आयुष्यातले सर्वांत जवळचे क्रौंच असेच, न हलता बसून, पाहायला मिळाले आहेत.

यातूनच दुर्मिळ या शब्दाबद्दल थोडे बोलावेसे वाटते. पक्षिनिरीक्षणात नोंद घेण्याजोगा पक्षी म्हणजे इथे सहसा न दिसणारा, अशी आपली समजूत झाली आहे आणि त्यामुळे जे नेहमी दिसते ते मोजायचे आपण सोडून दिले आहे. छोटी लालसरी हे बदक आपल्याकडे हिवाळी पाहुणे म्हणून येते. लाल डोके, काळी छाती, राखी पाठ, असे ते साधेसे बदक. त्याच्यासाठी कोणी गाडी काढून नाशिकहून येत नाही. पण २०१५ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जागतिक लाल यादीत ते असुरक्षित (व्हल्नरेबल) जात म्हणून नोंदले आहे. नदी सुरयाची गोष्ट तशीच. गोदावरीच्या कुठल्याही डोहावर दिसणारा, पिवळ्या चोचीचा, डौलात झेपावणारा हा पक्षी. त्याचीही आता त्याच वर्गात गणना होते. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीतल्या उघड्या बेटांवर वाळूत अंडी घालतो. पाणी एकाएकी वाढले तर अंडी वाहून जातात आणि फारच ओसरले तर बेट काठाला जोडले जाऊन कुत्री चालत पोहोचतात. मालगुजा जगभरात धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. या तिन्ही जाती आपल्याकडच्या पाणथळीतल्या, आणि ज्या दिवशी चाळीस दुर्बिणी तीन क्रौंचांवर रोखलेल्या होत्या त्या दिवशी त्यांतल्या एकाही जातीची मोजणी झाली नाही.

रामसर करारातील निकष या बाबतीत बोलके आहेत. एखाद्या पाणथळ जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्व का द्यावे, हे ठरवण्याच्या कसोट्यांपैकी एक अशी, की तेथे नियमितपणे २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी यावेत. दुसरी अशी, की एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तेथे नियमितपणे असावेत. दोन्ही ठिकाणी भर ‘नियमितपणे’ या शब्दावर आहे. एकदाच आलेल्या, वाट चुकलेल्या पाहुण्याने यांतली कोणतीही कसोटी पूर्ण होत नाही. ती पूर्ण होते ती दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने, कंटाळा न करता केलेल्या मोजणीने. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती याच विचाराने. तीत भाग घेणारे हात दरवर्षी कमीच पडतात, हा माझा अनुभव आहे. वारकऱ्यांचा थवा मोजणे हे कष्टाचे काम आहे, हे मी मान्य करतो. कपाळावर पांढरा टिळा असलेले हे काळे पक्षी शेकड्यांनी पसरलेले असतात, सतत बुड्या मारतात, आणि मोजणी सत्तरपर्यंत गेली की दहा खाली जातात नि बारा वर येतात. पण दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख किंचित उचलून पाण्यावरून तरंगत आला, की हेच वारकरी चारी बाजूंनी एकमेकांकडे खेचले जातात आणि पाण्यावर एक दाट काळी चटई तयार होते. भोवत्या एकटा पडलेला पक्षी शोधत असतो. चटईत त्याला तो सापडत नाही. ती चटई जमली की मोजायला सोपे जाते, हे मला चापडगावच्या एका वाटाड्याने शिकवले. “सर, घाई करू नका, भोवत्याच गोळा करून देतो,” असे तो म्हणाला होता.

या वाटाड्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या गावांतली ही मुले शेती सांभाळून हिवाळ्यात पर्यटकांबरोबर फिरतात. पक्ष्यांची मराठी, इंग्रजी आणि गावातली अशी तिन्ही नावे त्यांना येतात. त्यांतल्या दोघांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. तारीख, वारा, धुके, दिसलेले पक्षी. आणि एकाने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, कोणी न सांगता, ‘पाणी उतरले’, ‘पाणी चढले’, ‘कालवा चालू’ असे लिहून ठेवले आहे. बाहेरून येणारा माणूस वर्षातून दोनदा येतो. हे रोज पाहतात. पण आलेल्या पाहुण्यांचा आग्रह असा असतो, की आम्हाला दुर्मिळ काय ते दाखवा, आणि पक्षी दिसला नाही तर त्या मुलाच्या मेहनतान्याबद्दल कुरकुर होते. त्याने नाइलाजाने होडी पाणगवताच्या जवळ नेली, तर दोष कोणाचा? जांभळी पाणकोंबडी आणि टिबुकली यांची घरटी त्याच गवतात असतात. कमळपक्ष्याचे घरटे तर तरंगत्या पानांवरचे, आणि अंडी उबवण्याचे काम तेथे नर करतो. होडीच्या लाटेने पान कलंडले तर त्याला करण्यासारखे काही उरत नाही.

आता पाण्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी शेतकऱ्यांच्या पाण्यावर हक्क सांगायला निघालेलो नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझे स्वतःचे नातेवाईक येवल्याकडे कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत रब्बी काढतात. या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघतात, जलद कालव्याचे पाणी वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जाते, आणि टंचाईच्या वर्षी समन्यायी वाटपानुसार, म्हणजे वरच्या धरणांतले पाणी खालच्या भागालाही वाटून देण्याच्या नियमाने, जायकवाडीसाठी सोडलेले पाणीही याच मार्गाने वाहते. २०१८ आणि २०२३ साली असे पाणी नोव्हेंबरात सोडले गेले, म्हणजे उत्तरेकडचे पक्षी उतरू लागण्याच्या ऐन हंगामात. सिंचन आणि पिण्याचे पाणी या गरजा आधी भागल्या पाहिजेत, याविषयी दुमत नाही. माझी विनंती पाणी किती सोडावे याविषयी नाही. सोडताना व थांबवताना ते किती वेगाने उतरते-चढते, याविषयी आहे. पातळी दिवसाला चार बोटे उतरली तर पक्षी चिखलाच्या कडेबरोबर सरकत जातात, आणि रोज नवा ओला पट्टा उघडा पडत असल्याने उलट त्यांची चंगळ होते. तीच पातळी एका रात्रीत हातभर पडली तर तो पट्टा दोन दिवसांत उन्हाने टणक होतो आणि चोच शिरत नाही. तितकेच पाणी, तेच कालवे, तीच शेते, फक्त दरवाजे हलवण्याची गती वेगळी. कालवा सल्लागार समितीच्या रब्बी आवर्तनाच्या बैठकीत वन विभागाच्या वन्यजीव शाखेचे म्हणणे या एका मुद्द्यापुरते ऐकले जावे, एवढीच अपेक्षा आहे. गाळ काढण्याच्या मागणीलाही हेच लागू आहे. बंधाऱ्याची साठवण गाळाने घटली, हे खरेच आहे आणि शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे; पण कोणता गाळ काढायचा आणि कोणती बेटे ठेवायची, हे पक्ष्यांच्या नोंदी समोर ठेवून ठरवता येईल, आणि त्यासाठी नोंदी तर हव्यात.

नाशिक शहरातून नदीत जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल व त्यावर पोसलेल्या जलपर्णीबद्दल आपल्या पत्राने वेळोवेळी लिहिले आहे, म्हणून ते येथे लांबवत नाही. सिंहस्थाच्या तयारीत गोदावरीच्या स्वच्छतेची चर्चा रामकुंडापाशी येऊन थांबते, आणि तेच पाणी पुढे ज्या पाणथळीत विसावते तिचे नाव त्या चर्चेत निघत नाही, एवढेच नमूद करतो. जलपर्णीने उघडे पाणी झाकले, की बुडी मारणाऱ्या बदकांना उतरायला जागा राहत नाही.

दुर्मिळ पक्ष्याच्या बातमीबाबत माझे म्हणणे असे आहे, की ती यावी, जरूर यावी, पण आठवडाभर उशिराने आणि नेमकी जागा न सांगता यावी. ‘अभयारण्यात दिसला’ एवढे वाचकाला पुरते. विणीच्या व रात्रीच्या मुक्कामाच्या जागा तर कधीच प्रसिद्ध होऊ नयेत. नोंद ठेवणाऱ्याने ती त्याच दिवशी वन विभागाकडे व अभ्यासकांकडे द्यावी, म्हणजे शास्त्राचे काही अडत नाही. छायाचित्रात पक्ष्याची मान ताठ दिसत असेल, तो उडत निघालेला किंवा कॅमेऱ्याकडे रोखून पाहत असलेला दिसत असेल, तर ते छापण्यापूर्वी छायाचित्रकाराला अंतर विचारले जावे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो; मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा.  त्या आठवड्यात शाळांच्या सहली नांदूरमध्यमेश्वरला येतात तेव्हा मुलांना पक्ष्यांच्या नावांची यादी पाठ करायला न देता, एका जागी तासभर बसवून एकाच जातीचे पक्षी मोजायला द्यावे, असे मी शिक्षकांना सुचवू इच्छितो. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांबरोबर हे करून पाहिले आहे. सुरुवातीची दहा मिनिटे चुळबुळ झाली. पुढे एका मुलीने तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प बसवले, कारण तिचे चक्रवाक एकोणतिसाच्या पुढे जात होते.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. पावसाळ्यात आणि त्यानंतरही आपण जिल्ह्यातील धरणांचा साठा तक्त्यात छापता. गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, पालखेड, करंजवण, असे आकडे आम्ही नाशिककर चहाबरोबर वाचतो आणि त्यावर दिवसभर बोलतो. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत, आठवड्यातून एकदा, त्याच तक्त्याखाली एक ओळ वाढवावी: नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याची पातळी, मागील आठवड्यापेक्षा किती वर किंवा खाली, आणि त्या आठवड्यात मोजलेल्या चार ठरावीक जातींची संख्या. जाती मी सुचवतो: क्रौंच, छोटी लालसरी, मालगुजा आणि वारकरी. एक शेतात चरणारा, एक खोल पाण्यातला, एक चिखलातला आणि एक सर्वत्र असणारा. मोजणीचे काम गावातल्या त्या वाटाड्यांकडे, योग्य मानधनासह, सोपवता येईल. पातळीचा आकडा बंधाऱ्यावर नोंदला जात असणारच. तो मनोऱ्याखालच्या फलकावरही खडूने लिहिला जावा, अशी विनंती मी संबंधित कार्यालयाला वेगळ्या पत्राने करीत आहे.

माझ्या बावीस हिवाळ्यांच्या वह्या, बुंध्याच्या गाठींच्या खुणांसह, अभ्यासासाठी कोणालाही पाहायला मिळतील. त्यांतल्या पहिल्या नऊ वर्षांची सुवाच्य प्रत माझ्या पत्नीने करून ठेवली आहे. उरलेली या दिवाळीपर्यंत पूर्ण होईल, आणि झाल्यावर एक प्रत आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक रोड